जायचा दोर, यायचा दोर

बापू, गाडगं दोन बोटं रिकामं राहिलं. ही बातमी सगळ्यांच्या आधी तुम्हाला द्यायची होती, आणि नेमके तुम्हीच ऐकायला नाही. काल तुमची तेरवी झाली. आज शाळेला सुट्टी आहे. सकाळपासून टाक हातात घेऊन बसलो आहे आणि तीन कागद फाडून झाले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मास्तर, कागदाला काय इचारायलात, मला इचारा." म्हणून तुम्हालाच लिहितो.

तुमचं वय, जमीन, घराणं यातलं मी काही लिहिणार नाही. ते पटवाऱ्याच्या दप्तरात आहे, आणि त्यातलं निम्मं चूक आहे असं तुम्हीच सांगायचात. मला लिहायचं आहे ते त्या दोन महिन्यांबद्दल, ज्यांत आपण दोघं दुधनेच्या दोन्ही काठांनी हिंडलो आणि आपलं एकाही गोष्टीवर एकमत झालं नाही. माझ्या आयुष्यात इतके चांगले दोन महिने दुसरे आले नाहीत.

दिवाळीच्या सुमारास जिल्ह्याच्या तालुकदारांच्या कचेरीतून हुकूम आला होता. नदी पायी ओलांडायच्या आपल्या उतारावर पूल व्हावा असा अर्ज अल्याडच्या गावानेही केला होता आणि पल्याडच्या, म्हणजे तुमच्या, गावानेही. दोघांनी एकमेकांना न सांगता. पूल हवा की नको हे कुणी विचारलंच नव्हतं. हुकुमातला प्रश्न वेगळा होता. पूल बांधायला आणि पुढे सांभाळायला लोकांचं एक मंडळ नेमावं का? त्या मंडळाला काठाची जमीन घेण्याचा, दगडचुना आणवण्याचा, पुरात पूल बंद करण्याचा आणि उघडण्याचा अधिकार असेल. की हे सगळं सरकारच्या बांधकाम खात्यावर सोडावं? याची चौकशी करून अहवाल द्यायचा होता. चौकशीला तिघं नेमले होते: परभणीचे ओव्हरसियरसाहेब, पल्याडचे तुम्ही, आणि कचेरीचं उर्दू लिहिता येतं म्हणून सेलूच्या शाळेतला मी.

पहिल्या दिवशी आपण अल्याडच्या काठाला भेटलो तेव्हा माझ्या काखेत तीन पुस्तकं होती. कुठेकुठे अशी मंडळं झाली, त्यांचे कायदे काय, ती का मोडली, असं सगळं त्यांत होतं. तुम्ही पुस्तकं हातात घेऊन वजन पाहिलंत आणि विचारलंत, "ह्यातल्या कोणत्या पुस्तकात दुधना हाय?"

मी म्हणालो, एकाही नाही.

"मग ती अल्याड ठिवा. उगं भिजतील."

ती मी काठावरच्या चिंचेखाली ठेवली आणि तुमच्या मागून पाण्यात उतरलो.

त्या दिवशी मी ते दोन दोर पहिल्यांदा नीट पाहिले. उतार एक, पण दोर दोन. एक अल्याडच्यांनी बांधलेला, त्याच्यापासून चार हातांवर दुसरा, पल्याडच्यांचा. पाणी कमरेएवढं असलं की माणसाने दोर धरून जायचं. पण अल्याडचा माणूस पल्याडच्या दोराला हात लावणार नाही आणि पल्याडचा अल्याडच्या. तुमच्या आजोबांच्या वेळी एकदा दोर कुणी कापला यावरून भांडण झालं होतं, आणि तेव्हापासून हे असं चाललं होतं. सोयरिकी होत होत्या, वऱ्हाडं जात-येत होती, आणि वऱ्हाडातही वरपक्ष एका दोराला, वधूपक्ष दुसऱ्या दोराला. मी पाण्याच्या मधोमध उभा राहून म्हणालो, बापू, जी माणसं एक दोर वाटून घेत नाहीत ती एका मंडळात कशी बसतील? मला वाटलं, चौकशी इथेच संपली.

तुम्ही हसलात. हसलात म्हणजे मान मागे टाकून, सगळे दात दाखवून. म्हणालात, "येवढ्या लौकर संपली तर दोन महिने काय करायचं?"

मग आपण काठाकाठाने फिरलो. सेलूच्या जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या उताराशी कशा अडतात, आणि अडल्या की मानवतच्या वळशाने कशा जातात, ते तुम्ही दाखवलंत. पुरात काहिलीतून माणसं कशी पार करतात तेही दाखवलंत. गूळ शिजवायची ती भली मोठी कढई, तिला दोन्हीकडून पोहणारे. आणि तुमची धाकटी त्या काहिलीतच जन्मली ही गोष्ट सांगितलीत. सुईण अल्याडची, बाळंतीण पल्याडची, आणि पोर नदीच्या मधोमध. म्हणून नाव दुधना. ती कोणत्या गावची यावर दोन्ही गावांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तुम्हाला तो मिटवायचाही नव्हता. "दोन्हीकडून परकर-पोलकं मिळतंय," म्हणायचात, "मिटवू कशाला?"

आपला वाद मात्र रोजचा होता. माझं म्हणणं, सरकारकडे इंजिनेर आहेत, शिकलेली माणसं आहेत, त्यांनी बांधावा आणि त्यांनीच सांभाळावा. मंडळ नेमलं की तिथे दोन गावांचं भांडण खुर्चीवर बसेल. तुमचं म्हणणं, सरकार पूल बांधील, पण पहिल्या पुरात कठड्याचा दगड निघाला तर परभणीला अर्ज जाईल, परभणीहून हैदराबादला जाईल, आणि तोवर दुसरा पूर येईल. ज्याच्या दारात दगड निघाला त्यालाच तो बसवण्याचा हक्क पाहिजे. मी म्हणायचो, हक्क देऊन माणसं शहाणी होत नाहीत. तुम्ही म्हणायचात, न देऊन झाली का? यावर मी घरी येऊन पुस्तकात उत्तर शोधायचो. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन यायचो, तर तुमचा प्रश्न बदललेला असायचा.

अहवालाला आकडा हवा होता. बाजाराच्या एका दिवशी किती माणसं उतार ओलांडतात ते मोजायचं ठरलं. ओव्हरसियरसाहेबांना परभणीला काम होतं, म्हणून मोजणी माझ्याकडे आली. मी अल्याडच्या काठाला चिंचेखाली घोंगडी टाकून बसलो, पुढे एक गाडगं, शेजारी चिंचोक्यांचा ढीग. माणूस पार झाला की एक चिंचोका गाडग्यात. तुम्ही पल्याडच्या काठाला उभे.

त्या दिवसाबद्दल एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नाही. ती आज सांगतो.

सकाळी रीतसर बाजारकरू आले. मग ऊन वर आलं आणि गर्दी वाढत गेली. पाटी डोक्यावर घेतलेल्या बाया, म्हातारे, नवऱ्या मुली, गुरव, सुतार, दोन्ही गावांतली सगळी माणसं. मी खूश होतो. इतके लोक रोज नदी ओलांडतात हे कुणाला ठाऊक तरी होतं का? मग मेंढरं राखणारी गिरजामावशी आली, खांद्यावर एक शेळी घेऊन. शेळीचा डावा कान तुटका होता. मी चिंचोका टाकला. थोड्या वेळाने गिरजामावशी परत गेली. चिंचोका टाकला. मग ती पुन्हा आली, तीच तुटक्या कानाची शेळी, फक्त या वेळी दुसऱ्या खांद्यावर. तिने माझ्याकडे न पाहता पदर पुढे ओढला.

तेव्हा मला कळलं, बापू. दुपार व्हायच्या आत कळलं. गिरजामावशीच्या मागे जो फेटेवाला होता तो सकाळपासून तीन रंगांच्या फेट्यांत येऊन गेला होता. गाडीभर माणसं सेलूकडे जायची, बाभळीच्या बनाआड गाडी वळायची आणि परत यायची. दोन्ही गावं मिळून सरकारची मोजणी वाढवत होती. मी उठून थांबवायला हवं होतं. मी शिक्षक आहे, वर्गात पोराने एक गणित उतरवलं तरी मला कळतं. पण मी उठलो नाही. मी चिंचोके टाकत राहिलो. कारण मी मान वर केली आणि पाहिलं की अल्याडच्या दोराने सगळे जात होते आणि पल्याडच्या दोराने सगळे येत होते. कोण कुठला हे कुणी पाहत नव्हतं. गर्दीत दोघांची टक्कर होऊ नये म्हणून कुणीतरी तसं लावून दिलं होतं, आणि तीन पिढ्यांचं भांडण एका सकाळीत पाण्याबरोबर वाहून गेलं होतं. म्हाताऱ्यांना दम खायला मधल्या वाळूत जागा केली होती. बाया हसत होत्या. ती नदी मी इतकी हसताना कधी पाहिली नव्हती. आणि मला ते थांबवावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी गाडगं काठोकाठ भरलं, वर चार चिंचोके ओघळले. तुम्ही गाडगं हातात घेऊन म्हणालात, "लय मानसं हायती की." मी म्हणालो, हो, बरीच आहेत. आपण दोघंही तोंड सरळ ठेवून आपापल्या घरी गेलो.

दोन दिवसांनी ओव्हरसियरसाहेब आले. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला. रागावले नाहीत, हीच मला मोठी शिक्षा वाटली. म्हणाले, "मास्टरसाब, इत्ते लोगां तो दोनों गांव मिलाको बी नहीं होंगे. और होंगे, और इत्ते मजे में पार जा रए, तो पुल काय कू होना?"

मी शरमेने लाल झालो. आणि स्वतःच्या शरमेचा राग मी तुमच्यावर काढला. शाळेच्या व्हरांड्यात तुम्हाला उभं करून बोललो, जणू तुम्ही माझ्या वर्गात आहात. लोक खोटे आहेत, तुम्ही त्यांना शिकवलंत, असल्या माणसांच्या हाती पूल द्यायचा? तुम्ही मान खाली घालून सगळं ऐकलंत. एकदाही म्हणाला नाहीत की मास्तर, चिंचोके तर तुम्हीच टाकले. तुम्हाला मी फसलो असं खरंच वाटलं होतं, की मला लाज वाटू नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात? हे आता कळायचं नाही.

त्याच आठवड्यात मी अहवाल लिहिला: मंडळ नेमू नये, लोक त्या योग्यतेचे नाहीत. ओव्हरसियरसाहेबांनी सही केली. मग तुमच्याकडे आणला. तुम्हाला उर्दू वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेलो. मोजणीच्या दिवशी फसवणूक झाली, या वाक्यावर तुम्ही हात वर केलात.

"फसवनूक लिवलीत, बेस केलंत. पर सगळी लिवा. कशी केली ते बी लिवा."

मी विचारलं, म्हणजे काय?

"तीन पिढ्या एका दोराला हात न लावनारी मानसं. त्यांनी त्या दिवशी एक दोर जायाला ठिवला, एक यायाला. बायांची पाळी आधी. म्हाताऱ्यांना वाळूत बसाया जागा. दुपारी अल्याडच्यांची भाकर पल्याडच्यांनी खाल्ली. कुनाची कुनाला धक्काबुक्की न्हाई, कुनी बुडालं न्हाई. सरकारचा शिपाई न्हाई, तुमी न्हाई, मी न्हाई. ह्याला तुमच्या पुस्तकात काय म्हनतात, मास्तर?"

तुमच्या ओसरीवर कापसाचा ढीग होता, त्यावर मांजर झोपलं होतं. ते उठलं आणि आळस देऊन पुन्हा झोपलं. मग म्हणालो, मंडळ.

"मग लिवा की तसं."

मी शेवटचं पान फाडलं आणि तुमच्या ओसरीवरच नवं लिहिलं. फसवणूक लिहिली, पूर्ण लिहिली, गिरजामावशीच्या शेळीसकट. आणि खाली लिहिलं की ज्या लोकांनी एका दिवसात, कुणाच्या हुकुमाशिवाय, इतक्या माणसांची ये-जा अपघाताविना चालवली, ते पूल चालवू शकतील, मंडळ नेमावं. तुम्ही खाली नांगराची निशाणी केलीत. ओव्हरसियरसाहेबांनी दुरुस्त पान वाचलं तेव्हा मला वाटलं कागदांची ती सगळी मिसल माझ्या अंगावर येईल. ते इतकं हसले की त्यांना ठसका लागला. मग पुन्हा सही केली.

त्यानंतर उत्तराची वाट पाहत आपण पुढच्या वादाला लागलो. मंडळाची बैठक कुठे भरायची? मी म्हणालो, सेलूच्या शाळेत. तिथे खुर्च्या आहेत, टेबल आहे, इतिवृत्त लिहायला जागा आहे. तुम्ही म्हणालात, नदीच्या मधल्या वाळूत, म्हणजे कुणाला कुणाच्या दारात जावं लागणार नाही. आणि पावसाळ्यात? "पावसाळ्यात काहिलीत." मी चिडलो. इतिवृत्त भिजेल म्हणालो. तुम्ही म्हणालात, भिजेल येवढं लांब लिवू नका. या वादाचा निकाल लागायचा होता. तुम्ही अर्ध्यात उठून गेलात, आणि हे तुमच्या स्वभावात बसत नाही.

तुम्ही गेल्यावर आठ दिवसांनी उत्तर आलं. पहिली मोजणी रद्द. येत्या बाजाराच्या दिवशी ओव्हरसियरच्या देखत पुन्हा मोजावं, एक माणूस एकदाच. गाडगं निम्मं भरलं तरी मंडळ नेमायला सरकारची हरकत नाही. मी पंचांग पाहिलं. येता बाजाराचा दिवस म्हणजे तुमची तेरवी. मी दिवस बदलून मागू शकलो असतो. मागितला नाही. तुमची मोजणी तुमच्या दिवशी व्हायला काय हरकत होती? आणि हुकुमाच्या विरुद्ध जाणारे आपण कोण.

तर काल सकाळी मी पुन्हा चिंचेखाली बसलो. ओव्हरसियरसाहेब शेजारी, हातात पेन्सिल. या वेळी मी दोन्ही गावांना आदल्या दिवशीच बजावलं होतं: एक माणूस, एक चिंचोका, दुसऱ्यांदा आला तर मी त्याला नावाने हाक मारीन. दुसऱ्यांदा कुणी आलं नाही. पण पहिल्यांदा येणारे थांबेचनात. सेलूचे व्यापारी, जिनिंगवरचे हमाल, कुठल्या कुठल्या गावचे तुमचे सोयरे, तुम्ही कधीतरी काहिलीतून पार केलेली माणसं. बाजारकरू तर होतेच. माघातलं पाणी गुडघ्याएवढं, दोराची गरज नव्हती, तरी प्रत्येकजण जाताना जायचा दोर धरत होता आणि येताना यायचा. मला कुणाला सांगावं लागलं नाही. ओव्हरसियरसाहेबांनी ते पाहिलं आणि पेन्सिलीने काहीतरी टिपलं.

मध्येच तुमची दुधना आमच्यासाठी भाकरी घेऊन आली. मी तिला विचारलं, त्या पहिल्या मोजणीच्या आदल्या दिवशी बापू लोकांना नेमकं काय बोलले होते? ती म्हणाली, "देवळात बसले व्हते. 'उद्या नदीवर मानसं मोजायलेत,' येवढंच म्हनले. मग घरी येऊन हसायलेत, हसायलेत. आई म्हनली, काय झालं? तर काय बी सांगितलं न्हाई."

म्हणजे तुम्ही शिकवलं नव्हतं. व्हरांड्यात मी जे बोललो ते मागे घेतो, बापू. उशीर झाला आहे, पण घेतो.

दिवस कलला तेव्हा मोजणी बंद केली. गाडगं दोन बोटं रिकामं होतं. निम्मं पुरेसं होतं, आणि एक माणूस एकदाच मोजून ते जवळजवळ भरलं होतं. ओव्हरसियरसाहेबांनी गाडग्यात वाकून पाहिलं, माझा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाले, "मास्टरसाब, हो गया." मंडळ झालं. आम्ही चिंचोक्यांच्या पातळीवर बाहेरून कोळशाने रेघ ओढली. सरकारला त्या रेघेपर्यंतचंच कळवलं आहे, एक चिंचोका जास्त नाही.

पण रेघेच्या वरची ती दोन बोटं मला पाहवेनात. एकदा काठोकाठ भरलेलं गाडगं तुम्ही हातात धरलेलं मी पाहिलं होतं. मी जोडे काढले, धोतर वर खोचलं, आणि जायचा दोर धरून पाण्यात उतरलो. पल्याड गेलो, वळलो, यायच्या दोराने परत आलो, आणि गाडग्यात दोन चिंचोके टाकले. पुन्हा उतरलो. तेरवी आटोपून घरी निघालेली माणसं काठावर थांबली. आपल्या मास्तरला काय झालं म्हणून कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या फेरीला गिरजामावशीने खांद्यावरची शेळी सावरत विचारलं, "मास्तर, आता कोन मोजायलंय?"

मी धापा टाकत होतो. दुधना चिंचेखाली बसली, गाडगं मांडीत घेतलं आणि म्हणाली, "मी हाय. चला."

मग सगळे उतरले. तुटक्या कानाची शेळी, तीन रंगांचे फेटे, दोन्ही गावं. एका दोराने जात, एका दोराने येत. तेरवीच्या दिवशी इतकं हसू नये असं कुणी म्हणालं नाही. ओव्हरसियरसाहेब आमच्याकडे पाठ करून, मान वर करून चिंचेला शेंगा किती लागल्या ते पाहत होते. आणि हो, मंडळाची पहिली बैठक मधल्या वाळूत भरायची असं तिथेच पाण्यात ठरलं. इतिवृत्त मी थोडक्यात लिहीन.

गाडगं भरलं, बापू. काठोकाठ. एक चिंचोका वर उरला. तो मी खिशात घातला. तो तुमचा आहे. तुम्ही एकदाच पार गेलात, एवढ्या गर्दीत तुम्हीच काय ते प्रामाणिक.